फायलीचे कुलूप कोणाच्या हाती?

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ नुसार नागरिकाला शासकीय माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. पण मिळालेली फाईल उघडलीच नाही, किंवा मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर हा अधिकार कागदावरच राहतो.

असे का होते? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपली कार्यालये, छापखाने व दैनिके वर्षानुवर्षे खासगी कंपन्यांच्या फॉन्टवर चालली. प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरे आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी बसविली. त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये निरर्थक ठरतो. त्याची पीडीएफ केली तर डोळ्यांना मराठी दिसते. पण शिष्यवृत्तीच्या यादीत नाव शोधू जावे तर सापडत नाही.

जे फॉन्टचे, तेच फाईलच्या रचनेचे. ओडीएफ ही खुली रचना २००६ मध्ये आयएसओ मानक झाली. पुढे मायक्रोसॉफ्टची ओओएक्सएमएल रचना आली. भारतीय मानक ब्युरोने २००७ मध्ये तिच्याविरुद्ध मत दिले व २००८ मध्ये ते कायम ठेवले. तरीही ती मंजूर झाली. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांची अपिले फेटाळली गेली. आज लिब्रऑफिससारखे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारच्या फायली उघडते. मात्र कधी कधी तक्ते व मांडणी विस्कटते.

केंद्राने २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी रॉयल्टीमुक्त खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. कार्यालयाने कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे यावर वाद होऊ शकतो. जनतेच्या पैशाने तयार झालेला अभिलेख वाचण्यासाठी जनतेने अमुक एका कंपनीचा परवाना विकत घ्यावा, ही सक्ती मात्र मान्य होण्यासारखी नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही, तोच या कुलपाबाहेर राहतो.

कार्यकर्त्यांच्या हाती एक साधन आहे. कलम ७(९) म्हणते, माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. साधनसामग्री अवाजवी खर्ची पडत असेल वा अभिलेखाला धोका असेल तरच अपवाद. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘माहिती युनिकोड मराठीत, शोध घेता येईल अशा खुल्या स्वरूपात द्यावी.’ नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील करा. आणि आपल्या संघटनांचे जुने अहवाल, ठराव व अंकही आताच युनिकोडमध्ये आणा. उद्या तो फॉन्ट बंद पडला, तर आपला इतिहास आपल्यालाच वाचता येणार नाही.