‘करायलो’ म्हटलं तर काय बिघडलं?



रेडिओवरच्या निवेदकांनी ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणू नये, पुण्यासारखं बोलावं, असं लातूरच्या वाचकांचं पत्र वाचलं. बातमीपत्रापुरतं मान्य, बातमी साऱ्या राज्याला कळावी लागते. पण फोनवरच्या गप्पांत हा सोवळेपणा कशाला?

औशाचा शेतकरी सांगतो, “सोयाबीनची पानं पिवळी पडायलीत.” निवेदकानं लगेच विचारावं, “कवापासून? कोवळी का जुनी?” कोवळी पिवळी पडली तर बहुधा लोह कमी, जुनी पडली तर नत्र. या एका प्रश्नावर पुढचा सल्ला फिरतो. तिथं “आपण कृपया सविस्तर सांगाल का?” म्हटलं की माणूस बावरतो आणि फोन ठेवून देतो.

लातूर-नांदेडचा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. देगलूरला तेलुगू शेजारी, निलंग्याला कन्नड. हेल वेगळा असणारच. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून हीच बोली रंगमंचावर नेली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. (तिथं तिकीट काढून ऐकलेली चालते, इथं फुकटची खुपते!)

माझी तक्रार उलटी आहे. काही निवेदक एरवी मुंबईच्या तालात बोलतात, दर वाक्यामागे खिदळतात, आणि विनोद करायचा झाला की तेवढ्यापुरते ‘गावाकडचे’ होतात. बोली फक्त येड्या पात्राच्या तोंडी. पत्रलेखकांना हे कसं खटकलं नाही?

— एक श्रोता, नांदेड