आभाळ भरलं की हापूसवाल्याची झोप उडते

कोकणात थंडी पडते तरी का, असं दिल्ली-भोपाळकडची मंडळी हसून विचारतात. त्यांचं अगदीच चूक नाही. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या वर असतो आणि पंखा सुरूच राहतो. पण पहाटे अंगणात जाऊन बघा. पारा अठरा-वीसपर्यंत उतरलेला असतो, गवतावर दव असतं आणि आजी डोक्याला रुमाल बांधून चुलीपाशी बसलेली असते. हापूसचा सगळा हंगाम या एवढ्याशा गारव्यावर उभा आहे.

हा गारवा येतो वाऱ्यामुळे आणि टिकतो निरभ्र आकाशामुळे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा, कोरडा आणि गार. दुपारी जमीन तापली की उलट समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो यायला उशीर झाला आणि पूर्वेचा वाराच जोर धरून राहिला, तर ऐन जानेवारीत घामाच्या धारा लागतात.

आता ढगांचं बघू. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आकाश मोकळं असेल तर ती निघून जाते आणि पहाट गार होते. ढग असतील तर ते गोधडीसारखे वर पसरतात आणि ऊब खालीच अडकते. आंब्याला मोहोर फुटायला गार, कोरड्या रात्री लागतात, त्यामुळे बागायतदाराला ही गोधडी नको असते. त्यात दमट, ढगाळ हवा म्हणजे तुडतुड्यांची चंगळ. हे कीटक कोवळ्या मोहोरातला रस शोषतात, मोहोर सुकून गळतो. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी चढते. भुरी रोगही अशाच हवेत फोफावतो. वरून पावसाची सर आली तर करपा येतो आणि कालच मारलेलं औषध धुऊन जातं. म्हणजे फवारणीचे पैसे दुसऱ्यांदा घालायचे!

पण आभाळात दिसणारा प्रत्येक ढग काही मोहोराचा वैरी नसतो. तो ओळखायचा कसा? ढगांना नावं देण्याची पद्धत लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषध व्यावसायिकाने 1802 मध्ये मांडली. लॅटिनमधले साधे शब्द त्याने घेतले. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर आणि निम्बस म्हणजे पावसाचा ढग. शाळेच्या भूगोलात पाठ केलेली ती लांबलचक नावं याच शब्दांच्या जोडण्या आहेत.

थंडीत कोकणात बऱ्याचदा दिसतात ते सिरस. पिंजलेल्या कापसाचे पांढरे तंतू, साधारण सात हजार मीटरच्या वर, बर्फाच्या कणांचे बनलेले. सूर्यास्ताला ते केशरी होतात, फोटो जरूर काढा. त्यांच्यातून जमिनीवर पाऊस पडत नाही आणि एवढ्या विरळ तंतूंनी रात्रीचा गारवाही फारसा अडत नाही. हेच तंतू पसरून आकाशभर पातळ पडदा झाला, तर तो सिरोस्ट्रेटस. मग चंद्राला खळं पडतं. हात लांब करून अंगठा चंद्रावर धरा आणि वीत पसरा, करंगळी जवळपास त्या कड्यावर टेकते. खळं दिसलं की वरच्या हवेत ओल आली आहे असं समजावं. एक-दोन दिवस आकाशावर नजर ठेवावी.

खरं मळभ मधल्या थरातलं. त्याची खूण सोपी आहे. दिवसा अंगणात उभे राहा आणि आपली सावली शोधा. सूर्य दुधी काचेमागून दिसावा तसा पुसट आहे आणि सावली पडतच नाही, तर वर अल्टोस्ट्रेटस पसरला आहे. दोन-तीन दिवस तो हलला नाही की बागेत तुडतुडे किती वाढले, हे बघायला जावंच लागतं.

गोळ्यागोळ्यांचे ढग असतील तर हात वापरा. डोक्याच्या वरच्या बाजूचा एक गोळा निवडा, सूर्याकडे मात्र बघू नका. लांब केलेल्या हाताच्या करंगळीमागे गोळा झाकला गेला तर तो फार उंचावरचा सिरोक्युम्युलस. अंगठ्याएवढा असेल तर मधला अल्टोक्युम्युलस. मुठीएवढा किंवा मोठा असेल तर खालचा स्ट्रेटोक्युम्युलस.

खाडीवर पहाटे तरंगणारं धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला स्ट्रेटसच. ऊन चढलं की ते विरतं.

क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटाचा उंच ढग, या दिवसांत इथे क्वचितच. पण समुद्र खवळला तर थंडीतही पाऊस येतो. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे जाता जाता विरलं, तरी मुंबई-कोकणाला भिजवून गेलं. अशा वेळी मोहोराबरोबर वाळत घातलेली मासळीही जाते. ते नुकसान पेपरात कमी छापून येतं.

तुम्ही चेन्नई किंवा पुदुच्चेरीत राहत असाल तर हे सगळं तसंच्या तसं लावू नका. तुमचा मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, तिथे ढग दिसले नाहीत तर काळजी.

आणि रत्नागिरीतही थंडी जितकी जास्त तितकं बरं, असं नाही. फळं धरल्यावर थंडी लांबली की त्याच फांद्यांना पुन्हा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा झाडाखाली सडा पडतो.