बेबी मीनाची मजुरी

३१ मार्च १९७२ रोजी मुंबईत मीनाकुमारीचे निधन झाले, तेव्हा तिचे वय ३८ वर्षांचे होते. त्यापूर्वी दोनच महिने, ४ फेब्रुवारीला, ‘पाकीजा’ प्रदर्शित झाला होता. तिच्या मृत्यूनंतर या चित्रपटाला लोटलेली गर्दी आणि त्या निमित्ताने ढाळले गेलेले अश्रू यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. तिचा एकाकीपणा, तिचे मद्यपान, तिची शायरी, तिचा मोडलेला संसार यांवरही भरपूर लिहिले गेले. मात्र एक साधा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. मीनाकुमारी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती १९३९ साली. म्हणजे ३८ वर्षांच्या आयुष्यातील सुमारे ३३ वर्षे ती कामावर होती. एखाद्या गिरणी कामगाराची उभ्या हयातीची नोकरी जेवढी, तेवढी तिची नोकरी तिशी ओलांडून थोडी वर्षे झाली तोच पुरी झाली होती.

१ ऑगस्ट १९३३ रोजी मुंबईत जन्मलेल्या या मुलीचे नाव महजबीन बानो. वडील अलीबक्ष पारशी रंगभूमीवरचे वादक. हार्मोनियम वाजवावी, संगीत शिकवावे, जमेल तशी शायरी करावी, असा त्यांचा बेभरवशाचा व्यवसाय. आई इक्बाल बेगम या पूर्वाश्रमीच्या प्रभावती, त्याही रंगभूमीवरच्याच. बोलपट आले आणि नाटकमंडळ्यांचा आधार सुटू लागला. त्या मंडळ्यांच्या जिवावर जगणारी शेकडो कुटुंबे स्टुडिओंच्या दारात जाऊन उभी राहिली. अलीबक्ष यांचे कुटुंब त्यांपैकी एक. फरक एवढाच की स्टुडिओला या घरातील प्रौढ कलावंतांपेक्षा मुली अधिक उपयोगाच्या वाटल्या. विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’मध्ये लहानगी महजबीन दिसली, पुढे त्यांनीच तिचे नाव ‘बेबी मीना’ ठेवले. शाळेची पायरी तिला धड चढताच आली नाही. जे वाचन तिने केले, ते पुढे स्वतःच्या हौसेने, कामाच्या फटीतून वेळ काढून. मोठी बहीण खुर्शीद आणि धाकटी मधू याही लहानपणीच चित्रपटात कामे करीत होत्या. घर मुलींच्या कमाईवर चालत होते, हे सांगण्यास आणखी पुराव्याची गरज नाही.

येथे कायद्याच्या इतिहासातील दोन नोंदी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. महजबीनचा जन्म झाला त्याच १९३३ साली, आईबापांनी पैशाच्या मोबदल्यात मुलांचे श्रम गहाण टाकू नयेत, असा कायदा हिंदुस्थानात झाला. १९३८ साली बालकांच्या नोकरीवर बंधने घालणारा दुसरा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन विड्या वळणे, गालिचे विणणे, आगपेट्या करणे, कातडी कमावणे अशा कामांत बारा वर्षांखालील मुलांना मज्जाव झाला. हे वर्ष १९३९. विडीच्या कारखान्यातील मूल कायद्याला दिसले. त्याच वर्षी दिव्यांच्या झोतात उभे केलेले मूल मात्र दिसले नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. विडी वळणारे मूल थकलेले दिसते. पडद्यावरचे मूल हसताना दिसते, आणि त्या हसण्याचेच त्याला पैसे मिळालेले असतात.

मीनाकुमारीच्या उत्कर्षाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बालभूमिकांनंतर तिच्या वाट्याला ‘वीर घटोत्कच’, ‘श्री गणेश महिमा’ यांसारखे पौराणिक चित्रपट आले. १९५२ साली त्याच विजय भट्टांचा ‘बैजू बावरा’ आला आणि तिचे नाव घराघरांत पोहोचले. फिल्मफेअरचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पहिलेच पारितोषिक तिला मिळाले, ते याच चित्रपटासाठी. पाठोपाठ बिमल रॉय यांच्या ‘परिणीता’साठी दुसरे. १९६२ साली ‘साहिब बीबी और गुलाम’मधील छोटी बहू तिने उभी केली. ढासळत्या जमीनदारी वाड्यात नवऱ्याला घरी रोखून धरण्यासाठी त्याच्याच हट्टाखातर मद्याचा पेला ओठी लावणारी ती कुलीन स्त्री. सरंजामी व्यवस्था आपल्याच घरच्या बाईला कशी गिळते, याचे इतके विदारक दर्शन हिंदी पडद्यावर फार थोड्यांनी घडवले असेल. त्या वर्षीच्या पारितोषिकासाठी नामनिर्देशन झालेल्या तिन्ही भूमिका तिच्याच होत्या. ज्या मुलीला शाळा लाभली नाही, तिने उच्चार, विराम आणि नजर यांचे असे व्याकरण घडवले की पुढच्या पिढ्यांनी ते गिरवावे. ही कमाई तिची स्वतःची. ती तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

परंतु नेमक्या याच ठिकाणी एक भ्रम जन्म घेतो. ‘लहानपणापासून सोसले, म्हणून तर एवढी मोठी झाली’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. दुःखातून कला उमलते हे वाक्य ऐकावयास गोड लागते. पण ते सोसणाऱ्याने म्हटलेले नाही, पाहणाऱ्याने म्हटलेले आहे. बेबी मीनाबरोबर त्या काळी स्टुडिओत किती मुले येत होती, त्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. आवाज फुटला, उंची वाढली, चेहऱ्यावरचे कोवळेपण गेले, की त्यांची गरज संपत असे. हाती ना शिक्षण, ना दुसरे कसब. एक मीनाकुमारी झाली म्हणून त्या सर्वांच्या बालपणाचा खर्च वसूल झाला, असे मानणे म्हणजे एका गिरणी कामगाराचा मुलगा कलेक्टर झाला म्हणून गिरणगावाचे दारिद्र्य फिटले असे मानण्यासारखे आहे. भांडवलशाहीला अशा अपवादांची फार आवड असते, कारण एका अपवादाच्या आडोशाला हजारांचा नियम खुशाल लपवता येतो.

मराठी वाचकाला हे सांगण्यासाठी हिंदी पडद्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. हंसा वाडकर यांच्या आठवणी ‘माणूस’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाल्या आणि १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ या नावाने पुस्तकरूपात आल्या. ‘संत सखू’मधील सोशिक सखू आणि ‘रामजोशी’मधील ठसकेबाज नायिका अशी दोन टोके लीलया पेलणाऱ्या या अभिनेत्रीने तेथे जे सांगितले, त्याने मध्यमवर्गीय महाराष्ट्र हादरला. चर्चा झाली ती मात्र तिच्या आयुष्यातील पुरुषांची. शिकण्याच्या वयाची एक मुलगी घर चालवण्यासाठी चित्रपटात उभी केली गेली, ही त्या पुस्तकातील मूळ गोष्ट. तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेले नाही. हंसाबाईंना संसार हवा होता, घर हवे होते. घराला मात्र हंसाबाईंची कमाई हवी होती. आधी माहेरच्या घराला, मग सासरच्या. कमावते बोट एकदा घराने धरले की ते सुटत नाही, आणि ते बोट मुलीचे असेल तर मुळीच सुटत नाही.

१९७७ साली श्याम बेनेगल यांनी याच आत्मकथनाच्या आधारे ‘भूमिका’ केला. त्यातील नायिका रंगवली स्मिता पाटील यांनी आणि त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. स्मिता पाटील यांचे बालपण पुण्यात राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत गेले, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. सेवा दलाच्या शाखेवरही मुले गात, नाचत, नाटके करीत. पण तेथे कला हा खेळ होता, सोबत्यांबरोबरचा आनंद होता; त्यावर कोणाच्या घरची चूल अवलंबून नव्हती आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती. एकीने खेळ म्हणून जे केले, ते दुसरीला मजुरी म्हणून करावे लागले. मूल आणि कला यांचे नाते तोडावे, असे कोणीच म्हणत नाही. तोडावयाचे आहे ते मुलाची कला आणि घरची भाकरी यांचे नाते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. १९४२ साली दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या लताने चित्रपटात कामे करून भावंडांना सांभाळले नसते तर काय झाले असते? १९४७ साली मास्टर विनायक गेले आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी ‘बेबी नंदा’ म्हणून पडद्यावर आली. तिला कायद्याने अडवले असते तर ते घर कशावर जगले असते? प्रश्न रास्त आहे. पण तो कायद्याला विचारावयाचा नसून समाजाला विचारावयाचा आहे. ज्यांनी उभे आयुष्य रंगभूमीला आणि चित्रपटाला दिले, त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाला महिनाभराची निश्चिंती मिळू नये, ना निवृत्तिवेतन, ना विमा, ना संघटनेचा आधार, ही त्या मुलींच्या कर्तबगारीची गौरवगाथा असेल. त्याहून अधिक ती या व्यवसायाची नामुष्की आहे. बालश्रमाचे मूळ मुलाच्या हौसेत नसते, प्रौढाच्या असुरक्षिततेत असते. हे समाजवाद्यांनी शेतमजुराच्या आणि विडी कामगाराच्या बाबतीत कितीदा सांगितले आहे. कलावंताच्या बाबतीत ते वेगळे कसे असेल?

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटले ते एका दाव्यामुळे. चार्ली चॅप्लिन यांच्या १९२१ सालच्या ‘द किड’मधून जगाला वेड लावणारा जॅकी कूगन सज्ञान झाला, तेव्हा आपण मिळवलेल्या लक्षावधी डॉलरांपैकी जवळजवळ काहीच उरले नसल्याचे त्याला कळले. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र बाप यांच्यावर फिर्याद केली. हाती लागली ती मूळ कमाईच्या मानाने अगदी किरकोळ रक्कम. त्या प्रकरणाच्या गाजावाजातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या कमाईसंबंधीचा कायदा झाला. त्यातील पळवाटा बुजवण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले. मुलाने मिळवलेला पैसा हा मुलाचाच, आईबापांचा नव्हे, आणि त्यातील १५ टक्के त्याच्या नावे राखून ठेवलेच पाहिजेत, हे तेव्हा निःसंदिग्धपणे लिहिले गेले.

भारतात १९८६ साली बालकामगारविषयक नवा कायदा झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घातली. पण त्याच दुरुस्तीने दोन दारे उघडी ठेवली. एक कौटुंबिक उद्योगाचे आणि दुसरे चित्रपट, मालिका, जाहिराती यांतील कलावंत मुलांचे. २०१७ च्या नियमांनी या दुसऱ्या दारावर काही अटी लावल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नको. आणि कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत हवी. बेबी मीनाला यांतले काहीही मिळाले नव्हते, हे लक्षात घेता ही पावले स्वागतार्ह आहेत.

तरीही या सवलतीतील एक अपवाद विचार करावयास लावणारा आहे. कलावंत मुलांना मुभा देताना कायद्याने सर्कस वगळली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीतील मुलांच्या नोकरीला मज्जाव केला होता आणि तो योग्यच होता. तेथील हालअपेष्टा भयानक होत्या. परंतु झोक्यावरून पडले तर हाड मोडते हे कायद्याला दिसते, आणि रात्री उशिरापर्यंत चाललेल्या स्पर्धेतून लाखो प्रेक्षकांसमक्ष बाद ठरवलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे आत काय मोडते हे दिसत नाही, असे का व्हावे? सर्कशीतील आणि रस्त्यावरच्या दोरीवर चालणारे मूल गरिबाचे असते. त्याला ‘कामगार’ म्हणण्यास जीभ अडखळत नाही. वाहिनीवर गाणारे मूल मध्यमवर्गाच्या आकांक्षेचे प्रतीक असते. म्हणून त्याच्या श्रमाला ‘प्रतिभा’ म्हटले जाते. तास मोजले तर दोघेही राबतच असतात.

आता तर स्टुडिओची भिंतही उरलेली नाही. हातातल्या मोबाइलवर आईबापच चित्रण करतात, आईबापच ते समाजमाध्यमांवर टाकतात आणि जाहिरातीचा मोबदलाही त्यांच्याच खात्यात जमा होतो. येथे निर्माता कोण, परवानगी कोणी मागावयाची, पाच तास कोणी मोजावयाचे, आणि वीस टक्के कोणी कापावयाचे? अलीबक्ष यांना निदान मुलीला घेऊन स्टुडिओपर्यंत जावे लागत होते.

म्हणून केवळ हळहळून भागणार नाही. बालकलावंतांना दिलेल्या परवानग्यांची नोंद प्रत्येक जिल्ह्यात लोकांना पाहता आली पाहिजे. मुदत ठेवीचे प्रमाण २० टक्क्यांवरून किमान निम्म्यापर्यंत गेले पाहिजे आणि उरलेल्या रकमेचा हिशेब मुलाला सज्ञान होताच मागता आला पाहिजे. आईबाप स्वतःच निर्माते असतील तेथेही हेच नियम लागू झाले पाहिजेत. चित्रपट कामगारांच्या संघटनांनी मुलांच्या कामाचे तास हा आपल्या मागण्यांचा भाग केला पाहिजे. आणि सर्वांत मूलभूत गोष्ट म्हणजे पडद्यामागील तंत्रज्ञ, वादक, लहान भूमिका करणारे कलावंत यांना आजारपण, अपघात आणि मृत्यू यांपासून संरक्षण देणारी सामाजिक सुरक्षा योजना उभी राहिली पाहिजे. ती नसेल तोवर कोणताही नियम मुलांना स्टुडिओच्या दारातून परत फिरवू शकणार नाही. कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ‘सिनेमावाल्यांचा’ म्हणून बाजूला टाकू नये. तो विडी कामगाराच्या मुलीच्या प्रश्नाचाच भाग आहे.

मीनाकुमारी मोठी अभिनेत्री होती. ती सहाऐवजी सोळाव्या वर्षी पडद्यावर आली असती, तरीही कदाचित मोठीच झाली असती. मधली दहा वर्षे मात्र तिची स्वतःची राहिली असती.