भाडेकरू थकतो तेव्हा…

मुंबई, प्रतिनिधी

महिन्याची पाच तारीख उलटते आणि भाडे जमा झाल्याचा बँकेचा संदेश येत नाही. सात तारखेला घरमालक दूरध्वनी करतो. 'दोन दिवसांत टाकतो, काका' असे उत्तर मिळते. दहा तारखेला फोन उचललाच जात नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हजारो घरमालकांना कधी ना कधी हा अनुभव येतो. मग दोनच मार्ग त्यांना सुचतात. कोणी दोन-तीन महिने संकोचाने गप्प बसतो, तर कोणी आठवड्याभरातच 'घर खाली करा' असे बजावतो. या दोन्हींत घरमालकाचे नुकसान होते आणि भाडेकरूच्या हाती काहीच लागत नाही. बुडणाऱ्या भाड्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुदतबंद आणि लेखी सवलत. नेमका तोच उपाय उपनगरांत सर्वांत कमी वापरला जातो.

याचे एक कारण म्हणजे घरमालक या शब्दाभोवतीचे जुने चित्र. दहा खोल्यांची चाळ बांधून गादीवर बसलेला मालक आता उपनगरांत अपवादानेच आढळतो. आजचा घरमालक बहुधा एका सदनिकेचा धनी असतो. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून दुसरे घर भाड्याने देणारा सेवानिवृत्त कर्मचारी, किंवा भाड्यातून गृहकर्जाचा हप्ता फेडणारा चाळिशीतला नोकरदार. भाडे थकले तरी सोसायटीचा देखभाल खर्च थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. त्यामुळे घरमालकाने उदार व्हावे, असा उपदेश येथे कुचकामी ठरतो. त्याचा हिशेब त्याच्याच बाजूने मांडावा लागतो.

दुसरे कारण आहे भीती, आणि तिला इतिहास आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली आला व भाडी गोठली. पागडीची पद्धत त्या गोठलेल्या भाड्यांवरच पोसली गेली. पुढे १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ज्यांनी तात्पुरते म्हणून घर दिले होते, त्यांचे घर कायमचे अडकले. 'भाडेकरू बसला की उठत नाही' हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते, त्याचे मूळ येथे आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४ लाख ८० हजार, म्हणजे देशातील शहरांत सर्वाधिक, असल्याचे नमूद केले. घरांसाठी तडफडणाऱ्या शहरात इतकी घरे कुलूपबंद असण्यामागे या भीतीचाही वाटा आहे.

वस्तुतः ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने लिव्ह अँड लायसन्सपुरती ही भीती बरीचशी निकालात काढली. कलम २४ नुसार कराराची मुदत संपताच राहणाऱ्याने घराचा ताबा द्यावयाचा असतो. न दिल्यास घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रासह परवानगी मागितल्याशिवाय राहणाऱ्याला अर्जाला विरोधही करता येत नाही. लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो. (घाटकोपर किंवा विलेपार्ले येथील पागडीच्या भाडेकरूंचे प्रकरण निराळे. त्यांना कलम १५ चे संरक्षण असून थकबाकीसाठी आधी लेखी मागणी व नव्वद दिवसांची वाट पाहणे बंधनकारक आहे.)

तथापि या तरतुदीतील एक शब्द घरमालक वाचत नाहीत. कायद्याचा सारा वेग 'मुदत संपल्यावर' या शब्दांवर अवलंबून आहे. चौथ्या महिन्यात भाडे थकले आणि करार अकरा महिन्यांचा असला, तर हा सरळ रस्ता लगेच खुला होत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि तेथे तारखा पडतात. शिवाय नोकरी गेलेल्या माणसाविरुद्ध दुप्पट भरपाईचा हुकूम मिळविणे वेगळे व ती रक्कम प्रत्यक्ष हातात पडणे वेगळे. म्हणूनच न्यायालयाबाहेरचा समजुतीचा काळ मोलाचा ठरतो.

हा काळ सगळ्या मुंबईने एकदाच अनुभवला तो २०२० मध्ये. १९ मार्चपासून चित्रीकरणे बंद झाली, पाठोपाठ टाळेबंदी आली. ओशिवरा, यारी रोड, लोखंडवाला परिसरात तिघे-चौघे मिळून घर घेणाऱ्या कलाकार-तंत्रज्ञांची मिळकत एका दिवसात शून्यावर आली. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी परिपत्रक काढून घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची व भाडे थकले म्हणून कोणालाही घराबाहेर न काढण्याची सूचना केली. ती वाचून अनेक भाडेकरूंनी भाडे माफ झाल्याचा समज करून घेतला, तर अनेक घरमालकांनी ती केवळ सूचना म्हणून बाजूला सारली. दोघेही चुकले. परिपत्रकात पुढे ढकलणे होते, माफी नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात हाच विवेक दाखविला. टाळेबंदीच्या कारणावरून भाडे स्थगित करण्यास नकार दिला, मात्र ते भरण्याच्या वेळापत्रकात थोडी ढील दिली. कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली स्थगितीही अशीच होती. हप्ता पुढे गेला, व्याज चढतच राहिले.

आता हिशेब पाहू. भाडे दरमहा ३० हजार व अनामत एक लाख रुपये, असे समजू. भाडेकरूची नोकरी गेली आणि तो तीन महिने निम्मेच भाडे देऊ शकतो. थकबाकी ४५ हजार झाली. तो पुढे काहीच न देता निघून गेला, तरी अनामतीतून ती वळती होऊन ५५ हजार शिल्लक राहतात. उलट त्याला तडकाफडकी जावयास सांगितले आणि घर दोन महिने रिकामे राहिले, तर ६० हजारांचे भाडे गेले. रंगरंगोटी व दलाली निराळी. शिवाय नवा भाडेकरू कसा निघेल, हा प्रश्न उरतोच. सावकाश फेडणारा परिचित माणूस हा बहुतेक वेळा फायद्याचा सौदा असतो.

पण हाच हिशेब मर्यादाही सांगतो. भाडे पूर्णच थांबले, तर दोन महिन्यांत ६० हजार जातात. तेव्हा एक महिन्याची नोटीस दिली की ९० हजार. उरलेल्या १० हजारांत विजेचे देयक व किरकोळ मोडतोड भागवायची. म्हणजे निर्णय दुसऱ्या महिनाअखेरीस घ्यावाच लागतो. चौथ्या महिन्यात जागा झालेल्या घरमालकाजवळ राग उरतो, अनामत उरत नाही.

पैसे का थकले हे विचारणे काही जणांना चौकशी वाटते, पण सवलतीचे स्वरूप त्यावरच ठरते. दूरचित्रवाणी मालिकांत काम करणाऱ्यांचे मानधन कामानंतर नव्वद-नव्वद दिवसांनी येते. अशा माणसाकडून पाच तारखेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, त्याच्या धनादेशाच्या तारखेशी भाडे जोडून घेणे शहाणपणाचे. सीप्झमधील कारखान्यातील नोकरी गेलेल्याला दोन-तीन महिने लागतील. आजारपणाने कायमची मिळकत घटलेल्याला मात्र कमी भाड्याचे घर शोधण्यासाठी वेळ देणे हीच खरी मदत. त्याला आहे त्याच घरात कर्जबाजारी करून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

उपनगरांत गेल्या काही वर्षांत चौथा प्रकार वाढला आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. पंतनगर, बोरिवली, मुलुंड, जिकडे पाहावे तिकडे जुन्या इमारती पाडल्या जात आहेत. त्यांतील रहिवासी मुलांची शाळा सुटू नये म्हणून त्याच परिसरात भाड्याने राहतात आणि त्यांचे भाडे विकासक देतो. घरमालकाला हा भाडेकरू सोन्यासारखा वाटतो. स्वतःचे घर असलेला, कुटुंबवत्सल, तीन वर्षे हमखास राहणारा. पण विकासकाचा धनादेश वटला नाही की सारे कोसळते. गोरेगावच्या सिद्धार्थनगर, अर्थात पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांचे उदाहरण समोर आहे. पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला, घरे रिकामी झाली, विकासकाने पुढे भाडे देणे थांबविले व काम अर्धवट पडले. म्हाडाने २०१८ मध्ये करार रद्द केला, काम पुन्हा मार्गी लागण्यास २०२२ उजाडले. या वर्षांत कुठल्या ना कुठल्या घरमालकाच्या दारात या कुटुंबांना भाड्यासाठी उभे राहावे लागले. त्या घरमालकांचा विकासकाशी कोणताही करार नव्हता, भाडेकरूंजवळ पैसे नव्हते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची व तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश देण्याची अट घातली ती असे अनुभव गाठीशी जमल्यावर. खासगी सोसायट्यांच्या पुनर्विकासाला ती लागू नाही. तेव्हा अशा भाडेकरूला घर देताना विकासकाचे भाडे किती महिन्यांचे आगाऊ मिळाले आहे, हे विचारून घ्यावे आणि अनामत थोडी जास्त ठेवावी. धनादेश परत गेलाच, तर भाडेकरू एकटा नसून त्याची सोसायटी विकासकाशी झगडते आहे, हे ध्यानात ठेवून अवधी द्यावा. अशा कुटुंबाला बाहेर काढून घरमालकाला विकासकाकडून एक पैसाही मिळत नाही.

सवलत कोणतीही असो, ती कागदावर हवी. एका पानात मावेल इतकाच मजकूर लागतो. आजवरची थकबाकी किती, पुढील किती महिने किती भाडे, उरलेली रक्कम कोणत्या तारखांना, आणि हे पाळले नाही तर घर कोणत्या दिवशी सोडायचे. दोघांच्या सह्या. 'बघू पुढे' या शब्दांवर दिलेली सवलत ही सवलत राहत नाही, पुढच्या भांडणाची सुरुवात ठरते. भाडेकरूलाही हा कागद उपयोगी पडतो, कारण त्यानंतर रोजचे फोन थांबतात.

सर्वांत महाग चूक आहे करार संपू देण्याची. सवलतीच्या गडबडीत अकरा महिने उलटतात, भाडे येत-जात राहते, नवा करार होत नाही. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नसल्यास वादात अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी शुल्क भरून हा करार आता घरबसल्या संगणकावर होतो. वरच्या उदाहरणात दोन-अडीच हजारांचा खर्च. तो वाचविण्यासाठी कित्येक लाखांच्या घराचा कागद अधांतरी ठेवणारे सुशिक्षित लोक पाहिले की अचंबा वाटतो.

आणि कुलूप. भाडेकरू कामावर गेला असता कुलूप बदलणे, वीज तोडणे, सोसायटीच्या रखवालदाराकडून अडविणे हे प्रकार आजही घडतात. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. कायद्याचा मार्ग सोडून ज्याला बाहेर काढले, तो विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मागू शकतो. तेथे मालकी कोणाची हा प्रश्नही विचारला जात नाही. थकबाकीदार त्या दिवसापासून फिर्यादी होतो.

घर सोडण्याचे ठरले, तर शेवटच्या दिवशी वीजमापकाची नोंद, किल्ल्यांची पोच, अनामतीतून काय वळते केले याचा तपशील आणि ताबा मिळाल्याची सही, इतके एकाच बैठकीत उरकावे. थकबाकी अनामतीहून जास्त असेल, तर ती फेडण्याच्या तारखाही त्याच कागदावर याव्यात. उरलेले पैसे परत करायचे असतील, तर तेही त्याच दिवशी द्यावेत. नव्या घराच्या अनामतीसाठी त्या माणसाला त्यांचीच गरज असते.