गयेची वाट
गयेची यात्रा मुख्यतः पितरांसाठी केली जाते. भाद्रपद वद्य पक्षात बिहारमधल्या या गावी देशभरातून माणसे येतात, तीही बहुधा एकेकटी नव्हे, तर भावकी आणि गावकऱ्यांचे जथे करून. महाराष्ट्रात काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी यात्रा मानतात. विधीला आरंभ होतो फल्गू नदीच्या काठी. उन्हाळ्यात हिचे पात्र कोरडे दिसते आणि पाणी वाळूखालून वाहते. सीतेच्या शापाची कथा त्यावरूनच सांगतात. २०२२ मध्ये रबरी बंधारा झाल्यापासून घाटाशी पाणी टिकते. तेथून यात्रेकरू विष्णुपद मंदिरात जातात. आजचे काळ्या दगडाचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारले. अपमृत्यू आलेल्यांसाठी प्रेतशिळेच्या टेकडीवर पिंड देतात, आणि अखेर अक्षयवटाखाली गयावाळ पुरोहित ‘सुफल’ म्हणून यात्रा पुरी झाल्याचे सांगतात. या पुरोहितांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात. कित्येकांना खापरपणजोबांचे नाव पहिल्यांदा तिथेच कळते. सर्वांत हृद्य विधी मातृषोडशीचा. गर्भारपणापासून संगोपनापर्यंत आईने सोसलेले एकेक कष्ट उच्चारून तिच्यासाठी सोळा पिंड वाहतात, आणि एरवी ताठ बसलेले पुरुषही इथे हमसून रडतात. पिंडांचा वाटा केवळ रक्ताच्या नात्यापुरता नसतो. मित्र, गुरू, सेवक, घरची जनावरे आणि ज्यांच्या मागे कोणीच उरले नाही अशांनाही तो मिळतो.