बयाणा देण्याआधी गाडीचा नंबर मागा

अष्टविनायक असो, लग्नाचं वऱ्हाड असो की गणपतीला कोकणात जाणं असो, गाडी ठरवताना आपण किलोमीटरचा भाव काढतो, एसीची खात्री करतो, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडे यावर घासाघीस करतो. गाडीचं पासिंग कधी झालं, हे विचारायचं मात्र राहून जातं. पहाटे गाडी दारात आली, बॅगा चढल्या, आजी पुढच्या सीटवर बसली, आणि मग टायर गोटा झालेला दिसला, तर कोण वाद घालणार? जे विचारायचं ते बयाणा देण्याआधी विचारा.

आधी गाडीचा नंबर मागा. एमपरिवहन ॲपवर तो टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे दिसतं. ‘गाडी कुठली येणार ते आदल्या दिवशी कळवतो,’ असं एजंट म्हणाला, तर तो फसवतोच आहे असं नाही. सीझनमध्ये त्यांचं काम असंच चालतं. पण मग व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की फिटनेस संपलेली गाडी आली तर बयाणा परत.

पाटी पिवळी, अक्षरं काळी हवीत. गाडी इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी दोन-तीन रुपये किलोमीटरमागे स्वस्त पडते, ओळखीतलीही असते, आणि मोह होतो. अशी गाडी भाड्याने फिरवायला परवानगी नसते आणि तिचा विमाही घरगुती वापराचा असतो. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच बोट दाखवते.

आता फिटनेसचंही खरं सांगायला हवं. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं आणि त्यानंतर वर्षावर्षाचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे कागद चोख असला तरी आरटीओत ती गाडी शेवटची उभी राहून दीड वर्ष उलटलेलं असू शकतं. तेवढ्यात टुरिस्ट गाडीचे टायर आणि ब्रेक किती झिजत असतील? शिवाय पासिंगपुरते चांगले टायर चढवून नंतर उतरवणारे महाभागही आहेतच. त्यामुळे कागद पाहून झाला तरी गाडीभोवती एक फेरी माराच. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. स्टेपनीही बघा. सगळ्यात जुना टायर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट व्हावी लागते. तिची तारीख टाकीजवळच्या पाटीवर असते, आणि ती पाटी आपल्याच बॅगांखाली दडते. म्हणून सामान चढवण्याआधी बघायचं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सीत पॅनिक बटण आणि ठावठिकाणा कळवणारं यंत्र असायला हवं. बटण कुठे आहे ते ड्रायव्हरला विचारून घ्या आणि घरच्या कोणालातरी गाडीचा नंबर पाठवून ठेवा.

मागच्या सीटचे पट्टे तर हमखास नव्या कव्हरखाली गाडलेले असतात. ‘मागे कोण लावतं?’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा महिनाभर सगळीकडे हीच चर्चा होती. पुढे कव्हरं होती तशीच राहिली. बकल वर काढून द्यायला ड्रायव्हरला पाच मिनिटं लागतात, तेवढी थांबा.

आणि ड्रायव्हरला विचारा, काल रात्री कुठली ट्रिप होती? झोप झाली का? हे तपासायला आरटीओत कुठलंही यंत्र नाही. प्रश्न मात्र दरडावून विचारू नका, चहा देताना विचारा. बिचाऱ्याला मालकाने रात्रभर पळवून थेट तुमच्या दारी पाठवलं असेल, तर तासभर उशिरा निघू, तोवर पड जरा, असं तुम्हीच म्हणायला हवं.

एवढं सगळं तपासून सात जणांच्या गाडीत नऊ जण कोंबणार असाल, तर त्याचा दोष मात्र ना आरटीओचा, ना ड्रायव्हरचा. मोठी गाडी घ्या, नाहीतर दोघांना एसटीने पुढे पाठवा.