एक शर्ट, सात लूक आणि दिवाळीची पोती

‘एक थ्रिफ्टेड शर्ट, सात लूक’ अशा धर्तीचं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. मापापेक्षा दोन नंबर मोठा, रेघांचा, पुरुषी शर्ट. मुलगी तो एकदा बटणं उघडी टाकून जॅकेटसारखा घालते, एकदा कमरेशी गाठ मारते, एकदा बेल्ट लावून त्याचाच ड्रेस करते, एकदा पुढचा भाग मागे नेऊन बटणं पाठीवर लावते आणि शेवटी साडीवर ब्लाउजच्या जागी घालते. प्रत्येक चुटकीला नवा लूक. खाली सस्टेनेबल, स्लो फॅशन, प्लॅनेट वगैरे. मला ही रील्स आवडतात. त्यातल्या दोन-तीन युक्त्या मी वापरतेही. माझं भांडण युक्त्यांशी नाही. तो शर्ट कुणाच्या अंगावरून कुणाच्या अंगावर जातो आणि कुणाकडून कुणाकडे कधीच जात नाही, हे रील सांगत नाही. भांडण त्याच्याशी आहे.

चामोर्शीत हा शर्ट मी लहानपणापासून बघते आहे. रोवणी सुरू झाली की बांधीत वाकलेल्या बायांच्या अंगावर साडीवरून पुरुषाचा जुना, फुलबाह्यांचा शर्ट असतो. नवऱ्याचा, भावाचा, नाहीतर बाजारातल्या ढिगातला. वाकलेल्या पाठीवर दिवसभर ऊन आणि पाऊस आलटून पालटून पडतो, ब्लाउजची बाही कोपरापर्यंतच असते, धानाचं पातं हाताला चिरे पाडतं. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल राहतो, जो साडीत कुठेच ठेवता येत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातानाही तोच शर्ट. पहाटे निघायचं, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावायची, कॉलर उभी करायची, डोक्याला दुपट्टा. झुडपात हात घालायचा तर उघडा हात चालत नाही. मुंग्या आहेत, काटे आहेत, आणि आठ वाजल्यापासून तापायला लागलेलं ऊन आहे. साडीवर शर्ट हा लूक रीलवर ‘फ्युजन’ म्हणून आला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या बांध्यांमध्ये तो घामाने भिजलेला आहे.

त्या शर्टाचे सात लूकही होतात, फक्त ते एका दुपारी होत नाहीत. आधी कॉलर विरते. टेलर ती उसवून उलटी करून शिवतो आणि शर्टाला आणखी एक-दोन वर्षं मिळतात. हे काम आजही करून मिळतं, मागावं लागतं इतकंच. मग कोपरावर फाटतं, तेव्हा बाह्या कापून अर्ध्या करतात. मग पाठ विरते, पण पुढचे दोन्ही भाग धड असतात. त्यांतून लहान पोराचं झबलं निघतं, उशीची खोळ निघते. मग तो गोधडीच्या पोटात जातो. जो तुकडा गोधडीलाही नको तो चुलीजवळचं फडकं होतो आणि शेवटी पोतेरं. रीलवरचे सात लूक एकमेकांशेजारी उभे असतात. इथले सात एकामागून एक येतात आणि त्यांना आठ-दहा वर्षं लागतात. कपड्याचं खरं वय असं मोजतात.

इथे थांबून ‘बघा, आमच्या आजीला सगळं आधीच ठाऊक होतं’ असा लेख लिहिता येतो. असे लेख भरपूर आहेत आणि ते अर्धं खोटं बोलतात. रोवणीतली बाई तो शर्ट पृथ्वीसाठी घालत नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला निघताना तीच बाई तो शर्ट खुंटीवर ठेवते आणि पेटीतली चांगली साडी काढते. लग्नाला जाताना, मुलीच्या शाळेत जाताना, बँकेत जाताना ती तो घालणार नाही. तिला नीट माहीत आहे की जुना कपडा अंगावर असला की समोरचा माणूस आपल्याशी कसा बोलतो. ‘जुनं घालायला लाज कसली?’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. लाज हा अडाणीपणा नाही. तो अनुभव आहे.

जुन्या कपड्याला आपल्याकडे दिशा आहे. तो वरून खाली येतो. थोरल्याचा धाकट्याकडे, मालकाचा गड्याकडे, बाईचा कामवालीकडे, शहराचा गावाकडे, गावाचा टोल्याकडे. गड्याचा शर्ट मालकाने घातला असं कुणी ऐकलंय? ही दिशा आपोआप पडलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं लिहिलेलं आहे, आणि त्याच अध्यायात चांडाळाचं वस्त्र म्हणून प्रेताच्या अंगावरचं कापड नेमून दिलेलं आहे. म्हणजे दुसऱ्याचं उतरलेलं घालणं ही काही जातींवर टाकलेली सक्ती होती, तेही धर्माच्या नावाने. आठवडी बाजारात ताडपत्रीवरच्या ढिगातून मी एक शर्ट उचलला तेव्हा माझ्या मामीने विचारलं, “कोनाच्या आंगावरचा हाय कोनाले मालूम! मेलेल्या मानसाचा असन त?” तिने मनुस्मृती वाचलेली नाही. वाचायची गरजही नव्हती.

म्हणून मला २५ डिसेंबर १९२७ ची आठवण काढावीशी वाटते. त्या दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायांशी वेगळं बोलले, आणि ते बोलणं मोठ्या प्रमाणात कपड्यांबद्दल होतं. गुडघ्याच्या आसपास आखूड नेसलेलं लुगडं, गळाभर माळा, हातभर कथलाचे-चांदीचे दागिने ही तुमची जात दुरून ओळखण्याची खूण आहे, ती खूण पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते मनावर घेतलं आणि तिथल्या तिथे लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. लुगडं तेच, नवीन काही विकत घेतलेलं नाही. फक्त नेसण्याची पद्धत बदलली आणि गावात बाईकडे बघण्याची नजर तिला बदलायला लावली. एकच कपडा वेगळ्या पद्धतीने वापरण्याची याहून मोठी गोष्ट मराठीत तरी मला सापडलेली नाही. स्टायलिंग हा शब्द हलका आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाड पुन्हा वाचावं.

आता पोत्यांकडे येते. दिवाळी जवळ आली की शहरांतल्या सोसायट्यांमध्ये, कॉलेजांमध्ये कपडे गोळा होतात आणि ‘गडचिरोलीच्या आदिवासी बांधवांसाठी’ असा फलक लावून गाड्या निघतात. मी अशी उघडलेली पोती पाहिली आहेत. चेन तुटलेल्या जीन्स, टिकल्या गळालेला पार्टी गाऊन, कधी काळी पांढरी असलेली बनियनं, कुणाच्या तरी कंपनीच्या नावाचे टी-शर्ट. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तिथे अस्तर लावलेलं जॅकेट. कुणी मागितलं होतं? मापं विचारली होती? वाटप होतं, फोटो निघतात, गाडी परत जाते. मग न वापरण्याजोगं निम्मं गावाच्या कडेला पडून राहतं, कारण गावात कचरागाडी येत नाही. पाठवणाऱ्याचं कपाट रिकामं झालेलं असतं आणि रिकामं कपाट फार दिवस रिकामं राहत नाही. दान ही पुढच्या खरेदीची परवानगी झालेली आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

हे फक्त आपल्याकडे नाही. घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. युरोप-अमेरिकेने दान केलेले कपडे गाठोड्यांनी तिथे पोचतात आणि बरेचसे थेट कचऱ्यात जातात. तिथे या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. अर्थ: मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके चांगले कपडे कुणी जिवंतपणी टाकेल यावर सुरुवातीला लोकांचा विश्वास बसला नव्हता म्हणे. माझ्या मामीचं आणि त्यांचं चांगलं जमेल.

दान देणं म्हणून वाईटच, असं मी म्हणत नाही. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ने वेगळं काही करून दाखवलेलं आहे. गावाने आपलं काम आपण ठरवायचं, विहीर, रस्ता, बांध काहीही, ते करायचं, आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घ्यायचे. कपडे तेच जुने. पण घेणारा हात पसरत नाही, मोजून घेतो. एवढ्याने कपड्याची किंमत बदलते.

आणि थ्रिफ्ट पेजं? तिथे साठ रुपयांच्या ढिगातला शर्ट धुऊन, इस्त्री करून, ‘प्री-लव्ड’ म्हणून सहाशेला जातो. विकणारीने मेहनत घेतलेली असते, तिचा नफा मला टोचत नाही. टोचतं ते हे की घेणारीच्या कपाटात तसे तीस शर्ट आधीच आहेत. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात लिहिलंय की पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन साधारण दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी किती वेळा अंगावर जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. कपडा नवा की जुना हा प्रश्नच मागे पडतो. तो किती वेळा घातला, हा पुढे येतो. सात लूकचं रील करून जो शर्ट आठव्यांदा अंगावर जात नाही, तो कुठून आणला याने काय फरक पडतो?

चामोर्शीतल्या पोरींना यावर प्रवचन द्यायला मात्र मी तयार नाही. ॲपवर अडीचशे रुपयांत कुर्ती घरपोच येते. जिने आयुष्यभर थोरल्या बहिणीचं उतरलेलं घातलं, तिने पहिल्या पगारातून घेतलेल्या नव्या कुर्तीवर कार्बनचा हिशेब मांडणारा माणूस मला सहन होत नाही. मी तिला एवढंच सांगेन की ते पॉलिस्टर आपल्या उन्हात अंगाला चिकटतं, दोन महिन्यांत गोळे धरतं, त्याचं झबलं बाळाला टोचतं आणि त्याचं फडकं पाणी शोषत नाही. त्याच पैशात ढिगातले तीन-चार सुती शर्ट येतात आणि कॉलर उलटून घेण्याचे पैसेही उरतात.

ढिगातून निवडताना रंग सगळ्यांत शेवटी बघायचा. आधी कापड मुठीत चुरगाळायचं. सुताला चुण्या पडतात, पॉलिस्टर तसंच उसळतं. मग काखेची शिवण उलटून बघायची, कारण घामाने कापड तिथे आधी कुजतं. पाठ उजेडाकडे धरायची. विरलेली असली की ऊन आरपार दिसतं. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या दोन बोटं खाली उतरली तरी चालते, चार बोटं उतरली तर टेलरशिवाय गत्यंतर नाही. घरी आणून गरम पाण्यात, मग कडक उन्हात. उन्हाची तर आपल्याकडे टंचाई नाही.

जुना कपडा आडवा फिरला पाहिजे, हे माझं म्हणणं. खाली टाकलेला नको. तो आडवा फिरतोही, फक्त आपण त्याला नाव देत नाही. गडचिरोलीला शिकायला खोली करून राहणाऱ्या मुली बघा. चौघींचे मिळून बारा कुर्ते असतात आणि कुणाचा कोणता हे परीक्षेच्या दिवसापर्यंत कुणालाच आठवत नाही. एकीची ओढणी दुसरीच्या मुलाखतीला जाते, तिसरीचा शर्ट चौथी स्वेटरसारखा पांघरते. त्यात दाता नाही, फोटो नाही आणि कुणी कुणाची उपकृत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात एकच काळा कोट पहिल्या अंकात डॉक्टरच्या, तिसऱ्या अंकात वकिलाच्या अंगावर येतो. पब्लिक ओळखतं, शिटी मारतं आणि नाटक पुढे जातं. तिथे कोणालाच लाज वाटत नाही, कारण कोट सगळ्यांचा आहे.

हे वर्तुळ खोलीच्या बाहेर काढायचं तर पहिलं पाऊल आमच्याकडून मागू नका. ज्याच्या आजोबांना दुसऱ्याचं जीर्ण घालावंच लागलं, त्याला आज नवं कोरं घालण्याचा पूर्ण हक्क आहे. पाऊल तुम्ही टाका, ज्यांच्या घरून कपडे आजवर फक्त खाली गेले. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईच्या मुलीला झालेला कुर्ता तुमच्या मुलीला घालून बघा. घरात काय काय बोललं जातं ते ऐका. पोतं भरून गडचिरोलीला पाठवण्यापेक्षा शेजारच्या बिल्डिंगमधल्या, तुमच्याच पगाराच्या माणसाला तुमचा शर्ट द्या आणि त्याचा तुम्ही घ्या. जमत नसेल, किळस येत असेल, तर तो शर्ट इकडेही पाठवू नका.

मामीने नाव ठेवलेला तो ढिगातला शर्ट आता तिसऱ्या वर्षात आहे. निळ्या रेघांचा, कॉलर एकदा उलटून झालेली. पावसाळ्यात कुर्त्यावरून घालते, थंडीत पहाटे बसला उभं राहताना स्वेटरच्या आतून, आणि एकदा नात्यातल्या लग्नात राखाडी साडीवर घातला होता, तेव्हा बायांनी आधी बघितलं आणि मग टेलर कोण ते विचारलं. उजव्या कोपरावर कापड पातळ झालंय. येत्या तेंदूपत्त्याच्या दिवसांत मामीने तो मागितला आहे, बाह्या शाबूत आहेत तोवर.